पाच वर्षांपलीकडचा हिशेब

१३, २० आणि ३४ टक्के. हे आकडे स्तनाच्या कर्करोगानंतर पाच वर्षे रोगमुक्त राहिलेल्या स्त्रियांचे आहेत. ६२,९२३ रुग्णांचे हे विश्लेषण २०१७ साली प्रसिद्ध झाले. सगळ्यांची गाठ ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेनवर पोसणारी होती आणि सगळ्यांनी पाच वर्षे हार्मोनविरोधी उपचार घेतले होते. तरी पुढच्या पंधरा वर्षांत रोग शरीरात इतरत्र उलटण्याचा धोका उरलाच. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत, काखेतील ग्रंथी निरोगी असतील तर तो १३ टक्के होता. एक ते तीन बाधित असतील तर २० आणि चार ते नऊ असतील तर ३४.

ट्रिपल निगेटिव्ह गाठीची चाल वेगळी. ईआर (इस्ट्रोजेनचा ग्राहक), पीआर (प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक) आणि हर-टू (पेशींच्या वाढीला चालना देणारे प्रथिन) हे तिन्ही निर्देशक तिच्यात नसतात. धोका पहिल्या तीन वर्षांत सर्वाधिक असतो. पाच वर्षे पार पडली की तो खूपच उतरतो.

हर-टू पॉझिटिव्ह म्हटले की एके काळी धडकी भरे. पण याच प्रथिनावर नेम धरणारे ट्रास्टुझुमॅब केमोच्या जोडीला दिल्यावर, ४,०४६ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात दहा वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ७५.२ वरून ८४ टक्क्यांवर गेले.

निर्देशक अनावश्यक उपचारही टाळतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टेलरएक्स’ चाचणीत ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, काखेतील ग्रंथी निरोगी असलेल्या गाठींची २१ जनुके तपासून रोग उलटण्याच्या धोक्याचा गुणांक काढला. मध्यम गुणांकाच्या गटात नऊ वर्षांनी केमोविना ९३.९ टक्के आणि केमोसह ९३.८ टक्के स्त्रिया हयात होत्या. पन्नाशीच्या आतल्या काहींना मात्र केमोचा लाभ दिसला.

या साऱ्याचा पाया मात्र साध्या कामात आहे. काढलेला तुकडा तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे आणि त्यात ६ ते ७२ तास राहिला पाहिजे. मग रंगवलेल्या काचपट्टीवर एक टक्का पेशीकेंद्रे जरी रंगली, तरी गाठ ईआर पॉझिटिव्ह ठरते. तुकडा तासन्‌तास तसाच पडून राहिला, तर हा रंग फिका पडू शकतो आणि रुग्ण हार्मोनविरोधी गोळीला मुकू शकते.

म्हणून बायोप्सीच्या अहवालात ईआर, पीआर, हर-टू या तीन नोंदी आहेत का, हे स्वतः पाहा. अहवाल आणि तपासलेला तुकडा ज्यात जतन केलेला असतो तो मेणाचा ब्लॉक जपून ठेवा. आणि पाच वर्षे झाली म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नका.