एक गाणं, एक श्रोता: इंटरनेट रेडिओच्या रॉयल्टीचा हिशेब

२६ जून २००७ या दिवशी अमेरिकेतली अनेक इंटरनेट रेडिओ केंद्रं मुद्दाम गप्प राहिली. काही महिन्यांपूर्वी तिथल्या कॉपीराइट रॉयल्टी बोर्डाने नवे दर जाहीर केले होते. ते भरायचे तर केंद्राला टाळं लावावं लागेल, असं छोट्या चालकांचं म्हणणं होतं. या भांडणातून एक समज पसरला आणि तो आजही ऐकू येतो. एफएमवाले गाण्याचे पैसे चुकते करतात आणि इंटरनेटवाल्यांना मात्र सगळं फुकट हवं असतं, असा तो समज.

खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यात दोन हक्क असतात. एक शब्द आणि चालीचा, म्हणजे गीतकार-संगीतकाराचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे गायक, वादक आणि रेकॉर्ड कंपनीचा. अमेरिकेतली एएम-एफएम केंद्रं पहिल्या हक्काचे पैसे भरतात, दुसऱ्यासाठी कायद्याने छदामही द्यावा लागत नाही. १९९५ आणि १९९८ च्या कायद्यांमुळे इंटरनेट रेडिओला मात्र दोन्हींचे पैसे भरावे लागतात.

अरेथा फ्रँकलिन यांचं १९६७ मधलं ‘रिस्पेक्ट’ घ्या. ते लिहिलं ओटिस रेडिंग यांनी आणि जगाच्या कानात बसवलं अरेथांनी. अमेरिकी एफएमवर ते असंख्य वेळा वाजलं, त्याची रॉयल्टी गीतकाराच्या खात्यात गेली, गायिकेच्या नाही. डिजिटल प्रसारणासाठीही १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना संघीय कायद्याचं संरक्षण मिळालं ते ऑक्टोबर २०१८ मध्ये. अरेथा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेल्या. रास्त दराबद्दल बोलताना मला आधी हे आठवतं. इंटरनेट केंद्रांच्या बिलावर वाद घालताना एफएमला दिलेली ही माफी कुणी हिशेबात धरत नसेल, तर तो वाद अर्धाच राहतो.

दुसरा समज दराच्या आकड्याविषयी आहे. २०२१ साली जाहिरातींवर चालणाऱ्या इंटरनेट केंद्रांसाठी दर ठरला ०.२१ सेंट. एका सेंटचा जेमतेम पाचवा हिस्सा, त्यात एवढं रडण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण हा दर प्रत्येक गाण्यामागे, प्रत्येक श्रोत्यामागे आहे. शंभर माणसं ऐकताहेत असं धरा; आपल्याकडे एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीला जमतात तेवढीच. तासाला पंधरा गाणी वाजली, तर दीड हजार वेळा ‘वाजणं’ झालं. म्हणजे तासाला ३ डॉलर १५ सेंट, दिवसाला साडेपंचाहत्तर डॉलर आणि वर्षाला साधारण २७,६०० डॉलर. एफएमच्या मनोऱ्याला शंभर श्रोते काय आणि लाख काय, खर्च तोच. इंटरनेटवर श्रोता वाढला की बिलही वाढतं, जाहिरात मिळो न मिळो.

आता तोच दर गायकाच्या बाजूने पाहा. गाणं हजार वेळा वाजलं की २ डॉलर १० सेंट जमतात. सगळं कंपनी गिळते, हा आणखी एक गैरसमज. साउंडएक्स्चेंज ही संस्था हे पैसे गोळा करते आणि ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथीदार वादक-गायकांच्या निधीला देते. म्हणजे कलाकाराला साडेचौऱ्याण्णव सेंट. शिवाय ही रक्कम त्याला थेट मिळते. कंपनीची उचल अजून फिटलेली नसली, तरी या वाट्याला कंपनी हात लावू शकत नाही. कलाकाराच्या दृष्टीने या व्यवस्थेतली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी फारच कमी बोललं जातं.

मग केंद्राच्या उत्पन्नावर टक्केवारीच का लावू नये? लहान केंद्रांसाठी तशी सोय होती. २००९ च्या तडजोडीनंतर त्यांना उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा भरता येत होता. ती मुदत २०१५ अखेर संपली आणि हजारो हौशी केंद्रांना आसरा देणारं ‘लाइव्ह३६५’ जानेवारी २०१६ मध्ये बंद पडलं. गुंतवणूकदारही त्याच सुमारास दूर झाले होते. पुढच्या वर्षी ते नव्या मालकाकडे पुन्हा सुरू झालं. मात्र सरसकट टक्केवारीही न्याय्य नाही. एखादी मोठी कंपनी आधी गिऱ्हाईक जमवू, कमाई नंतर पाहू, असं ठरवून जाहिराती कमी ठेवते. तिच्या या धोरणाचा भुर्दंड गायकाने का सोसायचा? म्हणून लहानांना कमाल मर्यादा घालून टक्केवारी आणि मोठ्यांना दर गाण्यामागे पैसे, हाच मार्ग मला रास्त वाटतो.

हे दर सरकार मनाला येईल तसे ठरवतं, असंही नाही. तीन न्यायाधीशांचं बोर्ड पाच-पाच वर्षांसाठी सुनावणी घेतं. राजीखुशीने देणारा आणि राजीखुशीने घेणारा खुल्या बाजारात कोणत्या किमतीवर आले असते, ही त्याची कसोटी. उपग्रह रेडिओला २०१८ पर्यंत वेगळी, सौम्य कसोटी होती.

भारतात एफएमसाठी कॉपीराइट बोर्डाने २०१० मध्ये ध्वनिमुद्रणांच्या रॉयल्टीचा दर निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के ठरवला. २०१२ च्या कायदादुरुस्तीत, ठरवून दिलेली रॉयल्टी भरून गाणी वाजवण्याची मुभा प्रसारकांना देणारं कलम ३१ड आलं, आणि इंटरनेटलाही ते लागू आहे असा अनेकांचा समज झाला. २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या एका ज्ञापनातही तसंच म्हटलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक ही ऑनलाइन संगीत सेवा या खटल्यात ते अमान्य केलं: हे कलम रेडिओ आणि दूरचित्रवाणीपुरतंच आहे. २०२२ मध्ये खंडपीठानेही तेच कायम ठेवलं. त्यामुळे उद्या पुण्यात कुणी मराठी भावगीतांचं इंटरनेट केंद्र काढलं, तर त्याला तयार सरकारी दर मिळत नाही. हक्कदारांशी किंवा त्यांच्या संस्थांशी बोलणी करूनच परवाना घ्यावा लागतो. बालगंधर्वांच्या ‘मानापमान’च्या जुन्या तबकड्या मात्र तो मोकळेपणाने लावू शकतो, कारण आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांनी संपतो.