अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचा हिशोब

दिवाळीआधी माळा उपसला की कर्जतच्या जुन्या घरांतून काय काय खाली येतं. आमच्याकडे एक काळी पेटी आली, प्रवासी बॅगेएवढी, कोपऱ्यांच्या पट्ट्या गंजलेल्या. आत चावीचा ग्रामोफोन. चावी फिरवली तर ती नुसतीच फिरत राहिली, हाताला जोर लागेचना. म्हणजे स्प्रिंग तुटलेली. आवाज काढणाऱ्या साउंडबॉक्समधलं रबर दगडासारखं कडक झालं होतं, आणि वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरच्या तीन वजनांपैकी एक गायब.

‘याचे पार्ट आता कुठे मिळणार?’ पेटी पाहणारा प्रत्येक जण हेच विचारायचा. पण गेलेला भाग नेमकं काय काम करायचा, हे कळल्याशिवाय तो शोधायला निघण्यात अर्थ नसतो.

स्प्रिंगपासून सुरुवात केली. डब्यात गुंडाळून बसवलेली पोलादाची लांब पट्टी, एवढीच ती वस्तू. पण दुकानात जाऊन नुसती ‘ग्रामोफोनची स्प्रिंग’ मागून भागत नाही. रुंदी, जाडी, लांबी, डब्याचा आतला व्यास आणि टोकाला भोक आहे की आकडा, इतकं सगळं सांगावं लागतं. त्यात जाडीची चूक सर्वांत महाग पडते. स्प्रिंगचा जोर रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो, जाडीच्या मात्र घनाच्या प्रमाणात. पट्टी १० टक्के जाड घेतली तर जोर ३३ टक्क्यांनी वाढतो आणि तो सगळा भार जुन्या दातेरी चाकांवर येतो. लांब पट्टी कोंबली की जास्त वेळ वाजेल, हा समजही खोटा. पट्टीने डब्याची साधारण निम्मी जागा व्यापलेली असते, तेव्हाच चावीला सर्वांत जास्त फेरे मिळतात. त्याहून जास्त पट्टी भरली तर तिला उलगडायला जागाच उरत नाही.

आमची स्प्रिंग आतल्या टोकाजवळ तुटली होती, हे नशीबच. अशा वेळी नवीन लागत नाही. टोक तापवून मऊ करायचं, नवं भोक पाडायचं, कानशीने कडा गुळगुळीत करायच्या. काही इंच लांबी जाते, एवढंच. मात्र डबा उघडण्याचं काम जाणकारानेच करावं. दाबून बसलेली ती पट्टी सुटली तर बोटं कापू शकते.

पार्ट शोधताना लोक झाकणावरचं नाव पाहतात. त्या काळी अनेक कंपन्या पेटीवर आपलं नाव घालत आणि आत मोटर दुसऱ्याची बसवत, स्वित्झर्लंडच्या थोरेन्सची, पायारची किंवा इंग्लंडच्या गॅरार्डची. म्हणून आधी तबकडीखालची थाळी उचलायची आणि मोटरच्या पत्र्यावरचा शिक्का वाचायचा. तो वाचला की लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरून चोर बाजारात जाणाऱ्याला आपण काय शोधतोय ते ठाऊक असतं. जुन्या बाजारांत चकचकीत पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन मांडलेले दिसतात. त्यांतले कित्येक जुन्या पेट्यांच्या मोटरी काढून नव्या खोक्यांत बसवून केलेले असतात. चांगल्या पेट्या अशा मोडल्या गेल्या याचं मला फार वाईट वाटतं.

हरवलेल्या वजनाने मात्र मला थेट खोपोलीला नेलं.

गव्हर्नर म्हणजे एका दांडीभोवती पातळ पट्ट्यांवर बसवलेली तीन छोटी वजनं. दांडी थाळीच्या अनेक पट वेगाने फिरते. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, पट्ट्या वाकतात आणि दांडीवरची चकती सरकून चामड्याच्या तुकड्याला घासते. वेग उतरला की चकती मागे येते. स्प्रिंग पूर्ण भरलेली असताना तिचा जोर भरपूर असतो, शेवटी कमी होतो, तरी गाणं एकाच पट्टीत राहतं ते यामुळे. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला लावलेल्या गोळ्यांच्या गव्हर्नरचंच हे धाकटं भावंड. त्यांचं आणखी एक भावंड आपल्या जवळच आहे. टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली खोपोलीत सुरू झालं आणि १९२२ साली आपल्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी सुमारे ५०० मीटर खाली येऊन खोपोलीची टर्बाइन फिरवतं, आणि त्यांचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेचं नावही गव्हर्नरच. फरक महत्त्वाचा आहे. टर्बाइनचा गव्हर्नर पाणी कमीजास्त करतो. ग्रामोफोनचा गव्हर्नर स्प्रिंगला हात लावत नाही, जास्तीचा जोर घर्षणाने उष्णता करून टाकतो.

ग्रामोफोनच्या गव्हर्नरची तिन्ही वजनं अगदी सारखी हवीत. एक जरी हलकं असलं तरी दांडी थरथरते आणि सूर कापतो. आम्ही उरलेल्या दोन वजनांवरून तिसरं लेथवर करून घेतलं. स्क्रूने छळलं. ब्रिटिश मोटरींत बीए या जुन्या मापाचे आटे असतात, आपल्या बाजारातला मिलिमीटरचा स्क्रू थोडा आत जातो आणि मग आटे खाऊन टाकतो. चामड्याचा तुकडा चपला शिवणाऱ्याकडे मिळाला. त्यावर तेलाचा एक थेंब लागतोच.

साउंडबॉक्समध्ये अभ्रकाचा गोल पडदा होता, सुदैवाने शाबूत. त्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी मऊ रबरी नळी हवी, म्हणजे पडदा मोकळा हलतो आणि हवाही गळत नाही. वर्षानुवर्षं हवेतल्या ऑक्सिजनने रबर कडक होतं आणि आवाज चिरका येतो. आमचं काम सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबने भागलं. ते उत्तम अभ्रक आणि तबकड्यांमधली लाख, दोन्ही पूर्वी छोटा नागपूरच्या जंगल-खाणींतून जगभर जायची. पळसावर लाखेचे किडे पोसतात. तोच पळस होळीच्या सुमारास आपल्याकडे माळावर पेटतो.

एका भागावर मात्र इलाज नव्हता. साउंडबॉक्सची मागची पकड जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची होती. जस्तात शिशाचा अंश राहिला की दमट हवेत धातूच्या कणांच्या सीमांवरून आतल्या आत गंज चालतो, भाग फुगतो, तडकतो. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या आपल्या भागात हा रोग लवकर वाढतो. अशा धातूला डाग देऊन उपयोग नसतो. पकड पितळेत ओतून घ्यावी लागली.

आणि पिन. तबकडीत लाखेबरोबर दगडाची बारीक भुकटी असते, ती पोलादी पिनचं टोक झिजवते. एका बाजूला एक पिन, मग ती फेकायची. जुनी पिन पुन्हा लावणं म्हणजे बालगंधर्वांच्या आवाजावर छिन्नी चालवणं.

शेवटी वेग. मिनिटाला ७८ फेऱ्यांऐवजी ८२ किंवा ८३ झाल्या की सूर पांढरी एकवरून काळी एकवर चढतो. तपासायला कागदाच्या गोल चकतीच्या कडेला ७७ काळे पट्टे सारख्या अंतराने काढले. ५० सायकलच्या विजेवर जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. थाळी मिनिटाला ७७.९२ फेरे घेत असेल तर प्रत्येक लुकलुकीत पुढचा पट्टा आधीच्या जागी येतो आणि पट्टे थांबलेले दिसतात. विजेचे ते ५० सायकल खोपोली-भिवपुरीसारख्या केंद्रांतले गव्हर्नरच सांभाळतात.

पट्टे आधी मागे सरकत होते. वेगाचा काटा केसभर हलवला. ते रेंगाळले, थबकले आणि उभे राहिले. मग आम्ही पिन टेकवली.