रस गेला, सत्त्व उरले

मार्च महिना लागला की गोव्याच्या डोंगरउतारांवर काजूच्या पिकल्या बोंडांचा वास दरवळू लागतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड येथल्या मातीत असे रुजले की, ते परके होते याची आज कोणास आठवणही राहिली नाही. बी पिळून वेगळी करतात, बोंडे कोळंबीत तुडवितात, उरलेला गर वेलीने आवळून त्यावर दगड ठेवतात. रसाची उराक होते, फेणी होते. शेवटी उरतो तो चोथा. थोडा गुरांपुढे पडतो, बाकीचा झाडाखाली कुजतो. या टाकाऊ चोथ्याची योग्यता काय, याचा आज विचार करू.

फळ पिळले असता पाणी, साखर आणि क जीवनसत्त्वाचा मोठा भाग रसाबरोबर जातो. मागे राहतात त्या पेशींच्या भिंती. त्या सेल्युलोज, पेक्टिन, लिग्निन अशा द्रव्यांच्या बनलेल्या असतात. मनुष्याच्या जठरातील पाचकरसांना ती द्रव्ये दाद देत नाहीत. म्हणून पूर्वी त्यांस निरुपयोगी मानीत. 1953 साली हिप्सली या ऑस्ट्रेलियन संशोधकाने त्यांस ‘आहारातील तंतू’ हे नाव दिले. आफ्रिकेत पुष्कळ वर्षे शस्त्रक्रिया केलेल्या डॉ. डेनिस बर्किट यांनी 1970 नंतरच्या दशकात त्यांचे महत्त्व जगास पटवून दिले.

हे तंतू दोन प्रकारचे असतात. पेक्टिनसारखे तंतू पाण्यात विरघळून बुळबुळीत होतात. त्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. न विरघळणारे तंतू पाणी धरून ठेवतात व मलशुद्धी सुलभ करतात. मोठ्या आतड्यातील जंतू काही तंतू आंबवितात आणि त्यांतून उत्पन्न होणारी आम्ले आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात. प्रौढ माणसाने रोज निदान 25 ग्रॅम तंतू घ्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली सांगितले. मैद्याचे पाव आणि बिस्किटे यांवर दिवस काढणाऱ्यास तेवढे मिळणे कठीण.

बोंड खाल्ल्यावर जीभ आखडते, घसा खवखवतो. हा तुरटपणा टॅनिनचा, आणि टॅनिन हे पॉलिफिनॉल नामक द्रव्यांच्या कुळातले. ही द्रव्ये सालीत व गरात तंतूंना चिकटून असतात. म्हणून रस काढला तरी त्यांचा बराच अंश चोथ्यातच राहतो. तंतूंबरोबर ती मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतात व तेथील जंतू त्यांचे विघटन करतात. मात्र टॅनिन अन्नातील लोहही बांधून ठेवते. म्हणून रक्त कमी असलेल्यांनी बेताने घ्यावे. कोणत्याही रोगावर हे औषध आहे, असेही कोणी समजू नये.

आता कृती. तुडविलेल्या बोंडांचा चोथा या कामी घेऊ नये. घरी निवडलेली, न किडलेली बोंडे घ्यावीत. बीच्या टरफलातील तेल दाहक असते, त्याचा स्पर्श गरास होऊ देऊ नये. बोंडे धुऊन वाफवावीत, म्हणजे तुरटपणा कमी होतो. मग रस पिळावा. चोथा त्याच दिवशी पातळ पसरून कडक उन्हात वाळवावा, कारण रात्रभर ओला राहिला तर तो आंबतो. कुरकुरीत झाल्यावर दळून, चाळून, कोरड्या बरणीत भरावा. एक किलो कणकेत 50 ग्रॅमपासून आरंभ करावा. भाकरी, बिस्किटे, थालीपीठ यांत तो खपून जातो. जोडीला पाणी भरपूर प्यावे, नाहीतर पोट जड होते.

बीचे पैसे हातात येतात, रसाचेही येतात. परंतु बोंडाचे वजन बीच्या कितीतरी पट असते आणि त्यातला सर्वांत टिकाऊ भाग आपण मातीत टाकतो. गावातील महिला मंडळांनी एका हंगामापुरता हा प्रयोग करून पाहावा. विकण्याचे पुढे बघता येईल. प्रथम तो आपल्या मुलांच्या ताटात पडू द्या.