घरगुती विजेचा बोर्ड आणि त्यातील तिसरी तार

दोन-तीन सॉकेट आणि तितकीच बटणे एका पेटीत बसवून घरच्या घरी तयार केलेल्या बोर्डाचा मोठा धोका हा की, तो चुकीचा जोडला तरी चालतो. दिवा लागतो, पंखा फिरतो आणि जोडणीतला दोष कोणाला तरी धक्का बसेपर्यंत लपून राहतो. भारतातील घरांत २३० व्होल्टचा पुरवठा फेज आणि न्यूट्रल या दोन तारांनी येतो. फेज म्हणजे जमिनीच्या तुलनेत पूर्ण दाब असलेली तार, तर न्यूट्रल ही मंडल पूर्ण करणारी. बटण फेजवरच हवे, कारण ते न्यूट्रलवर बसवल्यास दिवा विझतो खरा, पण होल्डरपर्यंत वीज तशीच पोचलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटसुलट कसाही बसतो आणि त्यामुळे फेजवर नीट बसवलेले बटणही न्यूट्रलवर जाऊ शकते. म्हणून प्लग तीन पिनांचाच घ्यावा.

तिसरी, हिरवी तार अर्थिंगची. नेहमीच्या वापरात तिच्यातून वीज वाहत नाही, आणि दोन-कोअर वायर वापरून ती वगळण्याचा मोह नेमका त्यामुळेच होतो. इस्त्रीच्या धातूला आतून फेज टेकली, तर या तारेवाटे मोठा प्रवाह वाहून फ्यूज उडतो किंवा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहाला आपोआप बंद होणारे बटण, पडते. ती नसेल तर इस्त्री फेजच्याच दाबावर राहते आणि वीज हात लावणाऱ्याच्या शरीरातून जमिनीत उतरते. शरीरातून जाणारा असा प्रवाह जीवघेणा असला तरी एमसीबी पाडण्याइतका मोठा नसतो. त्यासाठी घराच्या मुख्य पुरवठ्यावर आरसीसीबी लागते, जी जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहांतील ३० मिलिअँपिअरच्या फरकालाही पुरवठा तोडते.

सहा अँपिअरच्या बोर्डावर जेमतेम १३८० वॉटचा भार चालतो, त्यामुळे २००० वॉटचा गिझर त्यावर कधीच लावू नये. पेटी धातूची असल्यास तीही अर्थिंगला जोडावी, वायर आत शिरते तेथे रबरी ग्रॉमेट बसवावे आणि वायर ओढली गेल्यास ताण स्क्रूंवर न येता क्लॅम्पवर यावा, कारण सैल स्क्रूखालची तार तापून प्लॅस्टिक वितळते.

पुरवठ्याला जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने प्लगची जाड पिन आणि प्रत्येक सॉकेटचे अर्थिंगचे छिद्र यांमधील रोध मोजावा. तो जवळजवळ शून्य हवा, तर बटणे चालू असताना फेजच्या आणि अर्थिंगच्या पिनांमध्ये कोणताही मार्ग आढळता कामा नये.