तांबड्या समुद्रातील फुलपाखरी मासे

सौदी अरेबियातील जेद्दा बंदरालगत प्रवाळांच्या रांगांतून फुलपाखरी मासे विहरतात. त्यांतील काही जातींना शास्त्रीय नावे देणारा पेटर फोर्सकोल १७६२ मध्ये डॅनिश मोहिमेबरोबर जेद्दास उतरला आणि १७६३ मध्ये येमेनात निवर्तला. त्याचा सहप्रवासी कार्स्टेन नीबूर त्याच वर्षी आपल्या मुंबईस पोहोचला. मित्राची टिपणे त्याने १७७५ मध्ये प्रसिद्ध केली.

हे मासे घरच्या काचपेटीत पाळण्याची हौस आज अनेकांस आहे. परंतु पाहुणा आणण्यापूर्वी त्याचे अन्न कोणते, हे विचारावयास नको काय? ‘ऑस्ट्रियाकस’ ही जात जवळजवळ केवळ जिवंत प्रवाळावरच जगते. पेटीत इतर अन्न पुढे असूनही ती बहुधा उपासमारीने मरते. ‘ऑरिगा’ मात्र बारीक चिरलेली कोळंबी व उघडलेल्या तिसऱ्या यांवर निभावते. तिला दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे द्यावे आणि उरलेले काढून टाकावे, अन्यथा पाणी नासते. तीही प्रवाळ कुरतडते, हे प्रवाळाची पेटी सजविणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

ज्याचे पोट आपणांस भरता येत नाही, त्यास समुद्रातच राहू द्यावे, असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस सांगतो.