चतुर्थीचा चंद्र आणि पंचांगाचे गणित

अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे स्थान असलेल्या पालीत विनायकी आणि संकष्टी या दोन चतुर्थींना जे महत्त्व आहे, त्याचा आधार देवळात जितका आहे तितकाच गणितातही आहे. कारण तिथी आकाशात कोठे लिहिलेली दिसत नाही, ती सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोनीय अंतरावरून काढावी लागते. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला की एक तिथी पूर्ण होते, आणि हे अंतर ३६ अंशांपासून ४८ अंशांपर्यंत वाढत असते तो काळ शुद्ध चतुर्थीचा. चंद्राची मध्यम, म्हणजे सरासरी, दैनिक गती १३ अंश १० कला ३५ विकला आणि सूर्याची ५९ कला ८ विकला धरली, तर तिथी सरासरीने दिवसाहून थोडी लहान भरते. मात्र दोघेही सरासरी गतीने चालत नाहीत, आणि पंचांगकर्त्याचे खरे काम तेथूनच सुरू होते.

या कामातला महाराष्ट्राचा सर्वांत प्रभावी ग्रंथ ज्या गावाशी जोडला जातो, ते नांदगाव पालीच्याच जिल्ह्यात, मुरुडजवळच्या किनाऱ्यावर आहे. तेथील केशव दैवज्ञांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांचा ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ होय. करणग्रंथ म्हणजे सृष्टीच्या आरंभापासून दिवस न मोजता जवळचे एखादे वर्ष आरंभ मानून गणित करणारा ग्रंथ. गणेशांनी आरंभ धरला शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०. त्यानंतरच्या दिवसांचे त्यांनी ४०१६ दिवसांचे, सुमारे ११ वर्षांचे, एकेक चक्र पाडले, त्यामुळे हाताळावयाची दिनसंख्या कधीच मोठी होत नाही. आणि ज्या ‘ज्यां’च्या, म्हणजे कोनांच्या अर्धज्यांच्या, कोष्टकांवाचून ज्योतिषाचे पान हलत नसे, त्यांना त्यांनी साध्या गुणाकार-भागाकारांनी रजा दिली. सुटसुटीतपणासाठी त्यांनी अचूकपणा सोडला, असा समज होण्याचा संभव आहे, पण तो बरोबर नाही. चंद्र त्यांनी सूर्यसिद्धान्तातून घेतला, तोही ९ कला वजा करून. अर्थात ग्रंथाच्या प्रामाण्यापेक्षा दृक्प्रत्यय, म्हणजे डोळ्यांना येणारी प्रचीती, त्यांना मोठी वाटत होती.

तरीही या चंद्रात एक उणीव राहिली, आणि ती का राहिली हे पाहण्यासारखे आहे. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने तो पृथ्वीपासून कधी ३,५६,५०० तर कधी ४,०६,७०० किलोमीटरच्या आसपास असतो, आणि जवळ असताना वेगाने चालतो. यामुळे मध्यम स्थानात करावी लागणारी दुरुस्ती म्हणजे मंदफल. आधुनिक गणिताने ते कमाल ६ अंश १७ कला येते, जुन्या ग्रंथांत मात्र ते सुमारे ५ अंशच आहे. सूर्याच्या आकर्षणामुळे चंद्राच्या गतीत आणखी एक फरक पडतो, तो कमाल १ अंश १६ कलांचा, आणि अमावास्या-पौर्णिमेला तो मंदफलाच्या नेमका उलट असतो. ६ अंश १७ कलांतून तो वजा केला की उरतात ५ अंश १ कला. जुन्या आचार्यांनी आपला चंद्र ग्रहणांवर पारखला, आणि ग्रहणे त्याच दोन तिथींना होतात, म्हणून त्यांचा आकडा तेथे चोख उतरला. अष्टमीला मात्र हाच फरक मंदफलात मिळवावा लागतो, आणि जुनी तिथी पाच तासांच्या आसपास चुकू शकते.

चतुर्थीची अडचण आणखी निराळी आहे. ३९ कलांचा एक तिसरा फरक, ज्याला ओडिशातील सामंत चंद्रशेखर यांनी ‘पाक्षिक’ म्हटले, तो अमावास्या, पौर्णिमा आणि दोन्ही अष्टम्यांना शून्य असतो आणि त्यांच्या मधोमध, ४५ अंशांच्या आसपास, पूर्ण भरतो. चतुर्थी नेमकी तेथेच पडते. या एका फरकापुरते बोलायचे, तर शुद्ध काय किंवा वद्य काय, चतुर्थी जुन्या गणितापेक्षा सुमारे सव्वा तास आधी संपते.

ही दुरुस्ती मराठी पंचांगात आणणारे केरो लक्ष्मण छत्रे हेही याच किनाऱ्यावरचे, अलिबागजवळच्या नागावचे. युरोपीय कोष्टकांच्या आधारे त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ १८६० मध्ये प्रसिद्ध केला आणि आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. परंपरावादी शास्त्र्यांचा आग्रह ‘बाणवृद्धी रसक्षया’चा होता: तिथी ६० घटकांहून, म्हणजे एका दिवसाहून, फार तर ५ घटकांनी वाढावी, ६ घटकांनी घटावी. प्रत्यक्ष आकाशातली तिथी ७ घटकांनी वाढते आणि १० घटकांनी घटते. वाद अयनांशांचाही, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कोठे धरावा याचाही, होता आणि तो अधिक काळ चालला, पण चंद्रापुरता निकाल आकाशानेच दिलेला होता. गणेश दैवज्ञांचे नाव पुढे करून जुन्या तिथीला चिकटून राहणे, ही त्यांच्याच पद्धतीशी प्रतारणा होती, असे म्हणणे भाग आहे. आज चंद्राचे अंतर १९६९ पासून त्याच्या पृष्ठभागावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर किरण सोडून काही सेंटिमीटरपर्यंत मोजले जाते, आणि संगणकावर तयार होणारी पंचांगे याच मोजणीला जुळवलेल्या गणितावर उभी आहेत.

तिथी साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी संपते; चंद्रोदय मात्र गावागणिक बदलतो, आणि संकष्टीचा उपास सुटतो तो चंद्रोदयावर. पाली सुमारे ७३.२ अंश पूर्व रेखांशावर असल्याने तेथील स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३७ मिनिटे मागे आहे. बल्लाळेश्वराचे मंदिर पूर्वाभिमुख असून दक्षिणायनात उगवत्या सूर्याचे किरण मूर्तीवर पडतात असे सांगितले जाते. मात्र दक्षिणायन सहा महिन्यांचे, आणि तेवढ्यात पालीच्या क्षितिजावरील सूर्योदयाचा बिंदू जवळजवळ ५० अंश दक्षिणेकडे सरकतो, म्हणून नेमके दिवस सांगितल्याखेरीज हे विधान अपुरेच राहते. पंचांगातील उदय सपाट क्षितिजासाठी दिलेला असतो, तेव्हा पूर्वेला डोंगर आड आला तर चंद्र दिसण्यास उशीर होतो. दिनदर्शिकेत छापलेल्या मुंबईच्या वेळेपेक्षा पालीचा गणितागत चंद्रोदय सुमारे दीड मिनिट आधी होतो.