पेशींची पकड

पहिल्या पावसानंतर पोशीरच्या भातखाचरांत बेडकांची अंडी दिसली की मी वर्गातल्या मुलांना बांधावर नेते. एका पेशीच्या हजारो पेशी होतात, पण त्यांचा जीव घडतो तो त्या एकमेकींना धरून राहतात म्हणून. ही पकड प्रथिनांची. त्यांतलं महत्त्वाचं कॅडहेरिन, जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी शोधलेलं. त्याला कॅल्शियम लागतं. ते काढून घेतलं की पकड सुटते.

1955 साली टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी उभयचरांच्या गर्भातल्या पेशी सुट्या करून एकत्र मिसळल्या. त्या आपणहून वेगळ्या झाल्या: त्वचेच्या पेशी बाहेर, इतर आत! इतका सुंदर प्रयोग मी दुसरा वाचलेला नाही.

खऱ्या गर्भातही पेशी अशाच वेगळ्या होतात. त्याच्या पाठीवरची पट्टी वळून मेंदू आणि मज्जारज्जूची नळी होते, तेव्हा तिथल्या पेशी ई-कॅडहेरिन हा प्रकार सोडून एन-कॅडहेरिन हा दुसरा प्रकार घेतात आणि त्वचेपासून सुटतात. माणसात ही नळी गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. पुष्कळदा दिवस गेल्याचं आईला तोवर कळलेलंही नसतं. ती नीट मिटायला फॉलिक ॲसिड लागतं. म्हणून मुलींनो, मूल हवं असेल तर डॉक्टरांना विचारून त्याची गोळी आधीपासूनच सुरू करा.